उंबऱ्यावरचं शेवटचं बोट

नवागाम, सुरत
वैशाख शुद्ध प्रतिपदा

तीर्थरूप नाना,

शिरसाष्टांग नमस्कार. आधी 'कैलासवासी' लिहिणार होते, पण पेन तिथेच अडलं. वर्ष झालं, तरी संध्याकाळी जिन्यात चपला वाजल्या की मी अजून तुमच्या चहाचं आधण ठेवते. मग 'कै.' कसं लिहू?

आधी हिशेब. तुम्हाला तो आधी लागायचा.

काल आणि आज घरात आलं ते असं. मातीच्या घागरी दोन, चोवीस रुपये. कुंभार तीसच्या खाली उतरत नव्हता, उतरवला. वर ठेवायचे लोटे दोन, सहा रुपये. खरबुजं दोन, अठरा. आंबे पंचवीसचे, सांजोऱ्यांना रवा आणि गूळ मिळून सोळा, कुंकू दोन रुपयांचं. जनाआत्या अमळनेरहून काल पहाटेच्या पॅसेंजरने आल्या. तिकिटाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. उधना स्टेशनवरून घरापर्यंत रिक्षा, वीस. आणि त्यांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला तुमचा दांडपट्ट्याचा पट्टा आला. त्याचं भाडं पडलं नाही. टी.सी.ने विचारलं, "माजी, ये क्या है?" तर तुमची बहीण म्हणाली, "फळी शे. मन्ही पाठ दुखस."

दोन घागरी वाचून तुम्ही भुवया वर केल्या असतील. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, घरात सगळ्या पितरांची मिळून एकच घागर भरतात, मग ही दुसरी कुणाची? ही उधळपट्टी विमलने कशी केली? तेच सांगायला बसले आहे.

तुम्ही होतात तेव्हा मी तुमच्याशी कधी सरळ बोलले नाही. डोक्यावर पदर, आणि तोंड भिंतीकडे. "नानांना म्हणावं, ताट वाढलंय." आणि तुम्ही समोरच पाटावर बसलेले! तुम्हीही भिंतीलाच सांगायचात, "विमलला म्हणावं, मीठ कमी पडलंय." आता भिंतीवर तुमचा फोटो आहे. आता तरी सरळ बोलू द्या.

आखाजीची सकाळ आठवते का? मी उंबरा धुऊन ठेवायची, कुंकवाची थाळी हातात धरून उभी राहायची. तुम्ही कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर टेकवायचात आणि नाव घ्यायचात. एक नाव, एक बोट. तुमचे आजोबा, वडील, काका, मग माझ्या सासूबाई. त्यांच्या नावाला तुमचा आवाज जरा बसायचा. उन्हाळ्यात गेलेल्यांना तहान लागते, त्यांना बोलावून घ्यायचं, मग घागरीतलं गार पाणी त्यांचं.

आणि शेवटी आणखी एक बोट! त्याला नाव नसायचं. बोट टेकवून तुम्ही नुसते थांबायचात. ओठ मिटलेले. मग हात जोडून उठायचात.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मला वाटलं, तुम्ही नाव विसरलात. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. पुढे मी त्या बोटाची वाटच बघायला लागले. विचारलं मात्र कधी नाही. सून सासऱ्याला काय विचारणार? थाळी धरायची.

एक मात्र मी चोरून बघायची. गच्चीवर पापड वाळत घालताना माझं निम्मं लक्ष तुमच्या आखाड्यावर असायचं. यंत्रमागाच्या खात्यावरची पाळी सुटली की पोरं यायची, अंगाला मागाच्या तेलाचा वास, केसांत सुताचा कापूस. तुम्ही पट्ट्याच्या लोखंडी खोळीत कोपरापर्यंत हात घालायचात, आणि ते लांब पातं असं फिरायचं, की मधल्या लिंबाच्या फोडी पडायच्या आणि ज्याच्या तळहातावर लिंबू, त्याला वारा तेवढा लागायचा! दंगलीच्या दिवसांत, घरात धारेचं हत्यार नको, म्हणून तो पट्टा तुम्ही आत्याकडे गावी पाठवलात. मग लाकडी पट्ट्यावर शिकवत राहिलात. पण हात तोच.

आणि ती पाय पुसायची रीत. पट्टा घेण्याआधी डावा तळवा जमिनीवर मागे ओढून पुसायचा, मग पाऊल टाकायचं. तुम्ही पुसायचात, म्हणून सगळे पुसायचे. एकदा पोरांत वाद झाला, ही रीत कशाची? भटू म्हणाला, किल्ल्याच्या मातीला मुजरा. कतारगामचे हरजीभाई म्हणाले, धरतीमातेची रजा. ओडिशाचा बनमाली म्हणाला, "हमारे गांव में भी मंदिर के आंगन को ऐसे ही मानते हैं." तुम्हाला विचारलं तर तुम्ही हसलात आणि म्हणालात, "ज्याला जे वाटतं ते बरोबर." तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आता तुमच्यावरचा राग सांगते. ऐकून घ्या.

मागच्या पंधरवड्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर ह्यांनी तुमच्या तिन्ही जुन्या शिष्यांना सांगितलं, नानांबद्दल दोन शब्द बोला. भटू आधी उठला. आपल्याच गावचा, नात्यातला, त्याला माइकची आवड! म्हणाला, "आपला पट्टा साधासुधा नाही. नानांच्या पणज्याला तो आपल्या गावच्या किल्लेदारानं शिकवला. हे नानांनी मला स्वतः सांगितलंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मूळचे गिरनारकडचे हरजीभाई हात जोडून उभे राहिले. हिरे घासायच्या घंटीवर बसून त्यांची पाठ वाकली आहे, पण आवाज खणखणीत. "बापाए तो मने एम कह्युं हतुं के आ विद्या गिरनारना एक बावाजीनी छे." टाळ्या जरा कमी वाजल्या.

शेवटी बनमाली. चाळीस माणसांच्या मेसमध्ये राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खाली बघत म्हणाला, "उस्ताद हमको बोले थे, ये खेल तुम्हारे गंजाम के पाइक लोगों का है. इसीलिए तेरे हाथ में जल्दी बैठा."

टाळी वाजलीच नाही. मी आत बायकांच्या पंगतीच्या पुऱ्या लाटत होते, लाटणं घेऊनच दारात आले.

भटू म्हणाला, "काय रे बनमाली, तुझा पाइक ओडिशाहून अमळनेरला चालत आला होता का?"

"और तेरा किल्लेदार? वो क्या तापी लाइन की पैसेंजर से आया था?"

कुणीतरी हसलं. भटूचा चेहरा उतरला. तुमच्या फोटोकडे बघून तो मोठ्याने म्हणाला, "म्हणजे आपण तिघंही येडे. नाना सगळ्यांना बनवून गेले."

नाना, तुमच्या श्राद्धाच्या दिवशी, तुमच्या फोटोसमोर! ह्यांनी मान खाली घातली. ह्यांना पट्टा कधी जमला नाही, बाजू तरी कशी मांडणार?

त्या दिवसापासून गच्ची रिकामी. मी पापड घातले तरी कुणी म्हणत नाही, "वहिनी, जरा सरकवा." भटूने किल्ल्याचं चित्र काढून पाटी रंगवायला टाकली. ह्यांना म्हणाला, "आखाजीला पट्टा मला द्या. ज्याच्या हाती पट्टा, त्याचं खरं." हरजीभाईंचा निरोप आला, कतारगामला वेगळा आखाडा काढतो. आणि बनमाली दारात येऊन उभा राहिला. आत बस म्हटलं तर बसेना.

"मौसी, पट्टा मुझे नहीं चाहिए. बस इतना बता दो, उस्ताद झूठ बोले थे क्या?"

काय सांगणार होते मी? मला ठाऊक असतं तर!

हा पोरगा पहिल्यांदा आला तो दिवस डोळ्यांपुढे आला. वैशाखच होता. जिन्यातल्या माठाजवळ तो घुटमळत उभा, ओठ सुकलेले, पण ओगराळ्याला हात लावायची हिंमत होत नव्हती. तुम्ही विचारलंत, "कौन गांव?" त्याने सांगितलं. तुम्ही म्हणालात, "अरे! मग हा खेळ तुझ्याच घरचा. तुलाच मी शोधत होतो." आणि त्याने स्वतःच्या हाताने पाणी काढलं आणि घटाघटा प्यायला. पुढे प्लेगच्या साली सगळी सुरत गाड्यांना लटकून पळाली, आम्हीही मुलांना घेऊन गावी गेलो, पण हा गेला नाही. उस्ताद एकटे आहेत, म्हणाला.

त्या माणसाला आता सांगायचं, की तुला दिलेलं घर खोटं होतं?

नाना, मी मॅट्रिक झालेली. "आमची सून मॅट्रिक आहे, हिशेब तिच्याकडे," हे तुम्ही खात्यावर सगळ्यांना सांगायचात. पण हा हिशेब मला लागेना. एक पट्टा, आणि गावं तीन? देवापुढे दिवा लावून बसले. पोथीतही मन लागेना. मग एकच आठवलं, तुमच्या लहानपणाचं माणूस आता एकच उरलंय. आत्यांना कार्ड टाकलं, पट्टा घेऊन या.

काल सकाळी तिघांना गच्चीवर बोलावलं. अमावास्या होती, मी कचरत होते. आत्या म्हणाल्या, पितरांचीच तिथी, आणखी काय पाहिजे? पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोतं टाकून त्या बसल्या. तिघेही आले, कपडे धुतलेले, तोंडं तीन दिशांना.

गोधडी सोडली. आत्यांनी पात्याला तेल लावून ठेवलं होतं, गंजाचा डाग नाही. तिघांचेही डोळे त्यावर.

"हक्क माझा आहे," भटू म्हणाला.

"हक मंग देखू," आत्या म्हणाल्या. "पहिले मले खेय दखाडा."

भटू पुढे झाला, डावा तळवा मागे ओढून पुसला, पट्टा घेतला. दोन हात करून ठेवला. हरजीभाई आले, तळवा पुसला, पट्टा घेतला. बनमाली आला. त्यानेही तेच केलं.

आत्या हसायला लागल्या. पदर तोंडावर धरून हसल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते कळलंच नाही. मी पाणी द्यायला धावले.

"अरे पोऱ्याहो," त्या म्हणाल्या, "आठे गच्चीवर कोणती नदी शे रे? कसाले पाय पुसतस?"

आणि मग त्यांनी सांगितलं. तुम्ही त्यांना जन्मभर शपथ घातली होतीत ना, "मी जिता शे तवलोंग कोणले सांगू नको"? आता ती फिटली, असं म्हणाल्या. रागावू नका त्यांच्यावर.

सडकेच्या कामावर खडी फोडणारी टोळी गावाजवळ उतरली होती. त्यात एक माणूस. रात्री टोळीत झोपायचा, दिवस मावळताना बोरी नदीच्या पात्रात एकटाच पट्टा फिरवायचा. तुम्ही मिसरूड न फुटलेले, लपून बघायचात. एक दिवस त्याने बोलावलं. म्हणाला, नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, शिकायचं तर शीक. आणि तुम्ही विचारलं नाहीत! आत्या धाकट्या, घरात न सांगता तुमच्याबरोबर भाकर घेऊन जायच्या.

"मी त्याले नदीवाला बाबा म्हनू. पाणीमा उभा राही खेये. बाहेर निंघे, वल्ला पाय दगडवर पुशे, मंग पट्टा धरे. नहीतर पाय सरके ना!"

म्हणजे बघा! नवागामच्या गच्चीवर, कोरड्याठाक फरशीवर, इतकी वर्षं सगळे तुमच्या बोरीचं पाणी पुसत होते. किल्ल्याची माती नाही, आणि मंदिराचं अंगणही नाही.

"पण तो होता कुठला?" भटूने विचारलंच.

आत्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला. मग म्हणाल्या, "हाईच तं आख्खं गाव इचारे त्याले. आपला गावमा पाणी पाजाना आगोदर जात इचारेत, भो. तो काही सांगे नही. मंग नदीनंच पाणी पिये, खड्डा करीसन."

सडक पुढे गेली, तशी टोळीही पुढे गेली. जाताना त्याने पट्टा दगडावर ठेवला आणि तुम्हाला म्हणाला, तुझा. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आणि शेवटचं विचारलंत, लोक मला विचारतील हे कुणाचं, तर काय सांगू?

त्याने जे सांगितलं ते आत्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यांचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

"जो इचारी, त्याले त्यानंच गाव सांगजो. मंग तो पाणी पाजस."

खाली खात्यातले माग धडधडत होते.

बनमाली हळूच म्हणाला, "मतलब... उस्ताद झूठ नहीं बोले?"

"झूठ नही, बेटा. त्याना गुरूनी आज्ञा व्हती."

"मग आत्या, माझा किल्ला?" भटूचा चेहरा असा झाला होता, की मला हसावं की रडावं कळेना.

"तुन्हा किल्ला तुन्हाजवळ ठेव रे, भटू. आते पाणी पी."

हरजीभाई उठले, जिन्यातल्या माठातून लोटा भरून आणला आणि भटूच्या हातात न देता आधी बनमालीला दिला. मग भटूला. मग स्वतः प्यायले.

राहिला पट्टा. तो कुणाकडे? आत्या म्हणाल्या, ह्या तिघांना माझ्या भावाने एकेक गाव दिलं, त्यांचा वाटा त्यांना पोचला. मग माझ्याकडे वळल्या.

"विमल, तुले काय सांगेल व्हतं त्यानी?"

"मला? काहीच नाही. मी कधी विचारलंच नाही."

"मंग तुन्हाजवळ ऱ्हाऊ दे. तोबी इचारना नव्हता."

मी मागे सरकले, नाना. मी कोण? मी तो कधी हातातही धरला नाही. पण हरजीभाई म्हणाले, "बराबर छे. पट्टो भाभी पासे." बनमालीने मान हलवली. मग पट्टा गोधडीत भटूनेच गुंडाळला, आणि माझ्या ओटीत ठेवताना म्हणाला, "वहिनी, पाटीचे पैसे तर गेले ना माझे." म्हणजे त्याला अजून पूर्ण पटलेलं नाही. पटेल. नाही पटलं तरी परवा येतो म्हणालाय.

पट्टा आता देव्हाऱ्याशेजारी आहे. एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं. हा तुम्ही कसे फिरवत होतात?

खोटं ते खोटंच, असं शाळेत शिकले आणि मुलांनाही तेच शिकवलं. तुम्ही केलंत ते काय होतं, हे मला अजून धड सांगता येत नाही. काल रात्रभर त्यावर विचार केला असं लिहिणार नाही, दमले होते, झोप लागली. पण सकाळी उंबरा झाडताना हात थांबला. त्या शेवटच्या बोटाला तुम्ही ओठ का मिटत होतात, ते आता कळलं. नाव-जात सांगत नाही म्हणून ज्याला गावाने पाणी दिलं नाही, त्याला तुम्ही नाव न घेता पाण्याला बोलावत होतात. आणि मी शेजारी थाळी धरून उभी! इतक्या आखाज्या!

एक राग तरी उरतोच. भिंतीला तरी सांगायचं होतंत. मी ऐकलं असतं.

परवा आखाजी. उंबऱ्यावरची नावं हे घेतील. त्यांना पाठ नाहीत, मी मागून सांगेन. त्यांत या वर्षी तुमचंही बोट आलं, नाना. पण शेवटचं बोट मी उमटवणार आहे, ओठ मिटून. तिघेही तेव्हा दारात असतील.

तुम्हाला वचन देते. पट्ट्याला दर महिन्याला तेल लागेल. आखाजीला तो गच्चीवर जाईल, ज्याला खेळायचं तो खेळेल आणि संध्याकाळी देव्हाऱ्याशी परत येईल. नवं कुणी शिकायला आलं, तर पाय पुसायची रीत का, ते त्याला सांगू. जिन्यातला माठ भरलेला राहील आणि पाणी पिऊन झाल्याशिवाय त्याच्यापाशी कुणाला गाव विचारलं जाणार नाही. आणि ह्या घरात यापुढे दोन घागरी भरतील. कुंभाराला सांगून ठेवलंय, दरवर्षी दोन घेईन पण भाव हाच.

ते तिथे तुम्हाला भेटले असतील. नाव विचारू नका. दुसरी घागर त्यांची आहे, वाळा घालून पाणी गार करीन. ती त्यांच्यापर्यंत पोचली का, आणि त्यांनी तुमच्या हातून पाणी घेतलं का, एवढंच उलट टपाली कळवा.

तुमची सून,
विमल